पाची बोटं

वीटभट्टीवरच्या वेठबिगारीतून सुटून गिरजाला वर्ष होत आलं होतं. धसईजवळच्या वाडीत अंगणभर ओली माती थापून मूर्तिकार रेश्माताई तिला आणि तिच्यासोबत सुटलेल्या बायकांना म्हणाल्या, “यावर नाचा. उमटलेली पावलं भाजून तुमच्या सुटकेचं शिल्प करू.” वाडीतल्या बारकूचा ढोल वाजला. बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरला. पण तळव्यांना चिखल लागताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि पाय भट्टीवरच्यासारखे माती तुडवू लागले. एकही पाऊल धड उमटेना. ढोल थांबला. “आमाला तुडवायची सवय, ताई,” गिरजा ओशाळून म्हणाली. “ओल्या विटेवर पाय उमटला, की शेठ वीट मोडायचा. आमालापण मारायचा.” तिनं जपून एक पाऊल दाबून उचललं. पाची बोटं दिसत होती. “हे मोडणार नाय ना?” “नाही. भाजणार.” गिरजानं लुगडं घट्ट खोचलं, मान वर केली. “वाजव रे बारकू.”