तोतऱ्याचा हात

नातीच्या लग्नाची बैठक रंगात आली होती, फक्त आजोबा तोंड फिरवून बसलेले. ज्या देशाशी ऐन तारुण्यात लढले, तिथूनच स्थळ आलं होतं. चहा संपताच नवऱ्यामुलाचा आजा सहज चमच्याने कप वाजवू लागला: कट्ट, कडकट्ट, क-कट्ट! आजोबा ताडकन उठले. “हा तर तोतऱ्या!” सुनेने त्यांचा हात धरला. “बाबा, व्याही आहेत ते!” “व्याही गेले खड्ड्यात! आघाडीवर बिनतारीला कान लावून शत्रूचे मोर्सचे संदेश चोरून ऐकायचो; रात्री लपूनछपून याच्याशी दोन ठोके बोलायचोही. शेवटच्या ठोक्याला अडखळणारा हा हात शंभरांत ओळखेन!” तेही चमच्याने बशी बडवत सुटले. पाहुणा दचकला, मग भराभर उत्तर वाजवू लागला. “काय म्हणतात?” नातीला दम निघेना. आजोबांनी चमचा खाली ठेवला. “म्हणतोय, मेल्या, जिवंत आहेस! तू अचानक गप्प झालास, त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता.”