नरसाळ्यातली ठकी

"काहीही करा, डॉक्टर, पण हिला बरी करा. हिच्या जिवावर माझी नोकरी चाललीय," असं म्हणत लेकीनं ठकीला उचलून टेबलावर ठेवलं.

ठकी म्हणजे पांढरी, झुबकेदार कुत्री. निदान मागच्या महिन्यापर्यंत तरी होती. आता मानेमागं, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताएवढं टक्कल पडलेलं. उघडी गुलाबी कातडी, तिच्यावर बारीक खपल्या. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. त्यातून ती बिचारी सगळ्यांकडे असं बघत होती, जणू चूक तिचीच.

लेकीनं तक्रारींचा पाढा वाचला. स्वतःचे केस उपटते. आईची गादी कुरतडून घरभर कापूस करते. पिसवांचं औषध झालं, खाजेच्या गोळ्या झाल्या, खाणं बदलून झालं, कडू फवारा मारून झाला.

"नरसाळं घातलं तरी फरक नाही. लबाड आहे हो, मी कामावर गेले की काढत असेल. काल मी मारलं हिला. चपलेनं. जीव खाल्लाय तिनं माझा."

मागच्या बाकावर आई बसली होती. ठकीला आणायचं म्हणजे आईलाही आणावंच लागतं. दिवसभर घरात दोघीच असतात. ठकी जवळ असली की आई शांत बसते, दाराशी जात नाही, गॅसला हात लावत नाही. आजारपण आईचं, पहारा ठकीचा.

"केस उपटायला कुत्र्यांना शंभर कारणं असतात," डॉक्टर म्हणाले. "ॲलर्जी, कंटाळा, भीती. कुठं दुखत असलं तरी करतात."

त्यांनी नरसाळं काढलं आणि ठकीचं तोंड हलकेच पाठीकडे वळवलं. ते बरगडीपर्यंत आलं नि थांबलं. त्यांनी दुसऱ्या बाजूनं वळवून पाहिलं. मग बोट टकलावर ठेवलं.

"इथं हिचं तोंड पोचतच नाही, ताई. नरसाळं असो नाहीतर नसो."

"मग पायानं खाजवत असेल."

"नख्यांनी ओरखडे उठतात. हे केस मुळापासून गेलेत, एकेक करून." त्यांनी नरसाळं बाजूला ठेवलं. "घरात आणखी कोण असतं?"

"कोण असणार? आई असते फक्त."

ती सहज मागं वळली. बाकाचं रेक्झिन एका कडेला उसवलेलं होतं आणि आई आतला स्पंज काढत होती. अंगठा आणि पहिलं बोट, बस्स. चिमूट बाहेर काढायची, उजेडात धरायची, मोकळी करायची, मांडीवर ठेवायची. काय सफाई होती हाताला! आईचा जन्म गाद्यांच्या दुकानात गेला. जुन्या गाद्या उसवायच्या, आतला दडपलेला कापूस चिमटीनं सोडवून मोकळा करायचा. पुढं दुकान सुटलं, मग हळूहळू माणसंही आठवणीतून सुटली, बोटं तेवढी अजून कामावर जात होती.

लेकीनं त्या बोटांकडे बघितलं. मग ठकीच्या पाठीकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि मी हिला मारलं."

डॉक्टरांनी उगीचच स्टेथोस्कोप सारखा केला.

"पण मग ही पळून का जात नाही? चावत का नाही?"

"ते मला नाही सांगता यायचं," डॉक्टर म्हणाले. "जखम भरेपर्यंत दोघींना वेगळं ठेवा."

"कुठं ठेवू? मधलं दार लावलं की आई त्याच्यावर डोकं आपटते."

"मग त्यांच्या हाताला दुसरं काही द्या. लोकर, चिंध्या…"

"दिल्या होत्या. तोंडात घालते. घशात अडकलं होतं एकदा."

हे ऐकल्याबरोबर डॉक्टर लगबगीनं गेले आणि आईच्या मांडीवरचा स्पंज त्यांनी गोळा करून घेतला. चूक त्यांचीही नव्हती. पण आईचे हात रिकामे झाले. ते मांडीवर फिरले, बाकावर फिरले, पदराखाली गेले.

"कुठं गेलं? आत्ता तर होतं इथं." आवाज चढायला लागला. "कुणी नेलं? अहो, कुणी नेलं?" बोटं वर गेली आणि स्वतःच्या भुवईला लागली.

टेबलावर ठकी कण्हायला लागली. तिला खाली उडी मारायची होती, आईकडे जायचं होतं. डॉक्टरांनी धावत येऊन तिला दोन्ही हातांनी धरलं, तरी आवरेना.

लेकीला रडू येत होतं. पण रडायला सवड कुठं होती? तिनं आईचा हात भुवईवरून ओढून काढला. मग खाली फरशीवर बसली, केसांचा चाप काढला आणि डोकं आईच्या मांडीवर टेकवलं.

बोटं चाचपडत आली. केसांत शिरली. पहिला केस निघाला तेव्हा लेकीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"ताई, हा काही उपाय नव्हे," डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे."

"सोमवारी कामावर जाल तेव्हा?"

वर आई गप्प झाली होती, श्वास संथ झाला होता. तिनं एक लांब केस ट्यूबलाइटच्या उजेडात धरला आणि कौतुकानं निरखून पाहिला.

"कुणाचा गं कापूस हा?"

लेकीनं डोकं न हलवता सांगितलं, "तुझाच, आई."