धाकटीचा ठिपका

"ताई, जरा फोकस बघता का? तुमचाच हात बसलाय त्यावर," धाकट्या जावेनं, उत्कर्षानं हाक मारली आणि मंगलच्या अंगाचा तिळपापड झाला.

हात बसलाय म्हणे! कणीक तशीच टाकून ती लॅपटॉपपुढं आली. परराज्यातल्या एका सिंक्रोट्रॉन नावाच्या अवाढव्य यंत्रात इलेक्ट्रॉनचा झोत गोल फिरायचा. त्यातून निघालेले क्ष-किरण बारीक छिद्रातून जाऊन पडद्यावर झोताचं चित्र उमटवायचे, आणि कॅमेरा ते विश्रामबागेतल्या या जेवणाच्या टेबलावर पाठवायचा. जवसाच्या दाण्यासारखा आडवा, उजळ ठिपका. त्याच्या जाडीवरून झोताची जाडी काढायची. फोकस एवढासा हलला की ठिपका फुगायचा आणि आकडा खोटा पडायचा.

मंगलनं बाणाची बटणं दाबून कॅमेरा मागंपुढं केला. ठिपका लख्ख झाला.

"मला महिनाभर जमलं नव्हतं बघा," धाकटी जाऊ हसत म्हणाली.

हसणारच की! मंगलही फिजिक्सची एम.एस्सी., विद्यापीठात पहिली. पण नवरा फौजेत, घरात सासू, पदरात दोन पोरं. संशोधन राहिलं ते राहिलंच. आणि ही कालची आलेली शास्त्रज्ञ म्हणून मिरवणार, अडलं की थोरलीला हाक मारणार. छिद्रामुळं येणारा धूसरपणा आकड्यातून कसा वजा करायचा, तेही मंगलनंच भाकऱ्या थापता थापता सांगितलं होतं. हमाली थोरलीनं करायची आणि हार धाकटीच्या गळ्यात. मंगल जळत होती, आणि आपण जळतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उद्या सिंक्रोट्रॉनवाल्यांची कमिटी ऑनलाइन आकडा बघणार होती. पटला, तर इथं घरी बसून त्या मशीनवर काम करायची कायमची जागा मंजूर होणार होती.

"मी शिराळ्याला आईला भेटून येते," उत्कर्षा पर्स उचलत म्हणाली. "सहाला तिकडं सेटिंग गोठवतील. मग कमिटी बघेपर्यंत कुणालाच हात लावता यायचा नाही. त्याआधी एकदा नजर टाका, ताई. तुमच्यावर सोडून चाललेय."

मोलकरीणच समजते मला, मंगल मनात म्हणाली.

तेवढ्यात सासू, बनुबाई, आतून आल्या. "मंगल, उद्या ती मोरपंखी साडी नेस गं. मोठी माणसं बघणार हायत."

"मला कोण बघतंय, आत्या?"

"नेस म्हंते न्हवं!" तोंडाला पदर लावून म्हातारी हसली. आता हीसुद्धा चिडवायला लागली, असं मंगलला वाटलं.

सहा वाजायला आले तशी ती लॅपटॉपपुढं बसली. बाण एकदा दाबला. ठिपका फुगला. तिनं आणखी दोनदा दाबला. मग बटणं करडी पडली, सेटिंग गोठली. तिला लय बरं वाटलं, आणि रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्षा शिराळ्याहून येऊन लॅपटॉपपुढं बसली आणि कमिटी पडद्यावर आली. धाकटीचं तोंड उतरलेलं बघायला मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"चित्र उघडायच्या आधी एक विचारतो," अध्यक्ष म्हणाले. "उत्कर्षा मॅडम, तुम्ही तर पुढच्या महिन्यात परदेशी चाललात. ही जागा तुम्ही ज्यांच्यासाठी मागितलीत, ज्यांनी हे सगळं बसवलं, त्या मंगल मॅडम कुठायत?"

उत्कर्षा झटक्यात उठली आणि तिनं मंगलला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असतात, ताई."

"नमस्कार मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "काल तुम्ही जे लावून ठेवलंत, तेच आता दाखवा."