शेवाळावर उतारा

दिनानाथरावांनी जुन्या टूथब्रशने दगड घासला, पुन्हा घासला आणि शेवटी वैतागून माशांच्या टाकीत सोडून दिला. शेवाळ होतं तिथंच होतं. काळं, केसाळ, पानांच्या कडांना दाढीसारखं चिकटलेलं.

"देवदिवाळीला माझी बहीण देवयानी येतेय," त्यांच्या पत्नी शरदिनीबाई मागून म्हणाल्या. "तोवर हे गेलं नाही, तर ही टाकी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात जाईल."

टाकी म्हणजे दिनानाथरावांचा जीव. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिच्यात आधी रोपं लावली, मग मासे सोडले, आणि ही नुसती माशांची पेटी नव्हे, पाण्याखालची बाग आहे, असं सगळ्या गल्लीला सांगत सुटले. आता त्या बागेची शोभा बघवत नव्हती.

उपायांत काही कसर ठेवली नव्हती. दिवा कमी वेळ लावला. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. गोगलगायी आणल्या, तर त्यांनी शेवाळ सोडून कोवळी पानं फस्त केली. मग मोबाइलवर कुणीतरी सांगितलं, टाकी चार दिवस अंधारात ठेवा. दिनानाथरावांनी घरातली पांढरी चादर दुहेरी करून तिच्यावर घातली. शेजारचे पांडेजी पेपर मागायला आले, बैठकीत चादरीखाली आडवं काहीतरी बघून दारातच चपला काढल्या आणि हळूच विचारलं की मणिकर्णिकेच्या स्मशानात कळवलंय का. काशीत राहणाऱ्याने असं विचारणं अभद्र नव्हे, चौकशीच ती. पण शरदिनीबाईंनी त्याच क्षणी चादर ओढून काढली.

"आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "टाकीत गंगाजल घाला."

दिनानाथराव हसले. गंगेवरची श्रद्धा वेगळी आणि पाण्याचं शास्त्र वेगळं, हे त्यांनी चांगलं ऐसपैस समजावून सांगितलं. शरदिनीबाईंनी फक्त खिडकीतल्या काचेच्या बाटलीकडे बोट दाखवलं. तिच्यात मनीप्लांट होता, आणि दिनानाथराव देवपूजेसाठी रोज जो गडू आणत, त्यातलं उरलेलं पाणी त्या त्याला घालत. बाटली लख्ख होती. शेवाळाचा ठिपका नाही.

गडूचा नेम तसा जुना. रोज सकाळी दिनानाथराव तांब्याचा गडू घेऊन निघत, गंगेच्या अमृतराव घाटाकडे जात, येताना वेणीमाधवच्या दुकानात कचौरी-जिलेबी खात आणि भरला गडू ओट्यावर आणून ठेवत. वेणीमाधवने पाणी शुद्ध करायचं मोठं मशीन बसवल्यापासून त्याच्याकडचा चहाही बरा लागे, असं ते म्हणत. बाढ आली, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, गंगा मातकट झाली, तरी यांच्या गडूतलं पाणी नितळ. तुरटी फिरवतो, ते सांगत. गुडघे कुरकुरत होते, स्टुलावर चढताना तोंडातून विश्वनाथाचं नाव निघे, पण जिवात जीव आहे तोवर घाट उतरणार, असं त्यांनी पांडेजींना छाती काढून ऐकवलं होतं. तेवढ्या वेळात शरदिनीबाई जाऊन पूजेची फुलं आणत. फुलवाला मेला पाणी फार मारतो, साडीचा काठ भिजतो, ही त्यांची रोजची तक्रार.

बुडत्याला काडीचा आधार. दिनानाथराव कबूल झाले. शरदिनीबाईंची अट एकच होती: शेवाळ गेलं, तर देवयानीसमोर मोठ्याने म्हणायचं की हे गंगामाईने केलं.

दुसऱ्या दिवसापासून गडूबरोबर स्कूटरवर दोन कॅनही जाऊ लागले. टाकीतलं थोडं जुनं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. आधी काहीच फरक पडेना. मग शेवाळ करडं पडलं, पुढे गुलाबी झालं, आणि एके सकाळी गोगलगायी चक्क ते खाताना दिसल्या. पानं पोपटी झाली. दिनानाथराव टाकीसमोर बसून राहिले. टाकी वाचली म्हणून आनंद पोटात मावत नव्हता, पण चेहरा मात्र कारलं खाल्ल्यासारखा. शरदिनीबाईंनी गंगामाईचा महिमा गल्लीभर सांगितला.

देवयानी सांगलीहून आली आणि टाकीला हात जोडून उभी राहिली. दिनानाथराव ठरल्याप्रमाणे म्हणाले, "गंगामाईनेच केलं." आवाज इतका बारीक निघाला की शरदिनीबाईंनी पुन्हा म्हणायला लावलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं.

"भावजी, याच पाण्याचा एक गडू मला न्यायचाय," देवयानी म्हणाली. "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. शेवटी तोंडात घालायला तुमच्या हातचं गंगाजल हवंय त्यांना."

दिनानाथरावांच्या घशात लाडू अडकला. खोकून झाल्यावर ते म्हणाले की कॅनमधलं शिळं कशाला, उद्या ताजं आणून देतो.

सकाळी ते उजाडायच्या आत निघाले, तेही स्कूटर न घेता. परतले तेव्हा ऊन चढलं होतं. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात गडू, पायजमा पोटऱ्यांपर्यंत ओला. कचौरीही खाल्ली नव्हती. गडूतल्या पाण्याला मातकट झाक होती आणि वर झेंडूची पाकळी तरंगत होती.

देवयानी आंघोळीला गेली होती. शरदिनीबाईंनी गडूत डोकावून पाहिलं. मग नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि त्याच्या गुडघ्यांना तेल चोळायला घेतलं. त्यांचे डोळे भरून आले.

"एवढ्या पायऱ्या उतरायला कुणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या.

शरदिनीबाई उठल्या, देवघरातून तोंड झाळून बंद केलेला एक गडू आणला आणि टेबलावर ठेवला.

"देवयानीचा मी परवाच भरून आणलाय. देवांचंही मीच आणते, गेल्या बाढीपासून. तुमच्या गडूचा आपण चहा पितो." त्यांनी तो मातकट गडू अलगद टाकीपासून लांब सरकवला. "आणि हे चुकूनही टाकीत ओतू नका, शेवाळ परत येईल. तिला वेणीमाधवच्या मशीनचंच मानवतं."