दायती डोंगरावरचा चहा

सकाळी आजीला केबल कारने दायती डोंगरावर नेलं.

“हुकूमशाहीत खाली तिराना शहरात भिंतींनासुद्धा कान होते गं. मनातलं बोलायला तुझे आजोबा, मी आणि त्यांचा जिवलग दोस्त आगिम इथे यायचो. आगिमच्या थर्मासातला चहा प्यायचो. तरी आजोबांना उचललंच मेल्यांनी. तुरुंगातच गेले.”

दुपारी हेरगिरीचं संग्रहालय पाहिलं. काचेआड एक थर्मास होता, बुडात मायक्रोफोन दडवलेला.

“भंगार बघायलाही तिकीट!” मी हसले.

आजी हसली नाही. “हा पोचा माझ्याच हातून पडला होता. वर, डोंगरावर.”

 

आजोबांमागे आजीने ज्यांच्याशी लग्न केलं, ते आगिम बाहेरच्या बाकावरून तिला हाक मारत होते, “लिरी, ये गं, चहा ओतलाय!”