पिवळ्या गोळ्याची वाट

क्षणभर असं समजा, की तुम्हाला डोळे नाहीत, पाय नाहीत, डोकंही नाही. भूक मात्र लागली आहे. खाऊ कसा शोधाल?

धोंडीराम गुरुजींनी हे विचारलं, तेव्हा चौथीचा वर्ग हसला. सरू हसली नाही. उद्या सहामाहीचं गणित होतं. ह्या खेपेलाही नापास झाली, तर आई तिला शाळेतून काढून विंचूरच्या खळ्यावर कांदे निवडायला नेणार होती.

गुरुजींच्या टेबलावर ओला टीपकागद होता. कुजक्या लाकडावर वाढणारा पिवळा, लिबलिबीत जिवंत गोळा त्यांनी चार दिवसांपूर्वी त्याच्या मधोमध ठेवला होता, आणि एका कोपऱ्यात ज्वारीच्या कण्या.

"उंदराचं बरं असतं," गुरुजी म्हणाले. "बांधावरचं बीळ पाहिलंत ना? एक दार यायला, एक पळायला, मध्ये दाण्यांचं कोठार. सगळं त्याच्या ध्यानात. ह्याला बिचाऱ्याला डोकंच नाही."

"म्हंजी आपली सरी!" मागून झिपरू ओरडला. वर्ग खिदळला.

सरूनं पाटीकडे पाहिलं. सहाशे अठराला सहानं भागून पुन्हा तेराच आले होते. कुणी बघायच्या आत तिनं अंगठ्याला थुंकी लावली. चूक ती नेहमी अशीच पुसून टाकायची, आणि मग तीच चूक पुन्हा करायची.

तेवढ्यात गुरुजींनी टीपकागद तिच्यापुढे धरला. गोळा कण्यांवर पसरून बसला होता. मागे कागदभर त्याचे चिकट, चकचकीत माग होते.

"हा बघ, इकडे गेला. काही नव्हतं, मागे फिरला. इकडेही तसंच. पण जिथं एकदा फसला, तिथं पुन्हा गेला नाही."

"डोकं नाय, मग त्याला कळलं कसं, गुरुजी?" सरूनं विचारलं.

"स्वतःचा माग लागला, की तो वळतो. डोक्यात राहत नाही, ते कागदावर ठेवतो."

सरू ते माग बघत राहिली.

"सरे, तेरा चुकलंय," झिपरू कुजबुजला. "पूस लवकर!"

सरूनं ओला अंगठा परकराला पुसला. तेराच्या शेजारी, उरलेल्या जागेत, तिनं तोच भागाकार नव्यानं मांडला. एक लिहिला आणि थांबली. बाजूच्या तेराकडे पाहिलं. मग एकाच्या पुढे तिनं सावकाश शून्य काढलं.