खंबाटकीच्या चढावर

"रणदिवे, वाढीव भाव मिळणार नाही," वैजयंती कारखानीस फोनवर ताडकन म्हणाली. ट्रकच्या इंजिनांच्या कारखान्याची खरेदी तिच्याकडे होती आणि इंजिनात डिझेल सोडणारे इंजेक्टर रणदिवे पुरवायचे. "कोल्हापूरहून दुसऱ्याचे इंजेक्टर निघालेत."

"मग मी तुम्हाला विकलेले सगळे इथून बसल्या जागी बंद करतो. इंजेक्टरला कुलूप तुम्हीच घालायला लावलंत, मॅडम. किल्ली माझ्याकडे आहे."

"करून बघा!" तिनं फोन आपटला.

थोड्याच वेळात कोल्हापूरचा माल आणणाऱ्या मुजावर ड्रायव्हरचा फोन आला. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ चालला होता.

"मॅडम, खंबाटकीच्या चढावर इंजिन एकदम बंद पडलं. आपल्या कंपनीचं इंजिन असलेल्या सगळ्याच गाड्या उभ्या आहेत. चाकामागे दगड लावलाय, पण मागे ॲम्ब्युलन्स अडकलीय. आतली बाई बाळंत होतेय."

वैजयंती खुर्चीतून उठली.

"काळजी नको," मुजावर म्हणाला. "मागे इंजेक्टरच भरलेत की! खोकं फोडून बसवतो."

"नको!" ती ओरडली. "आधीच्या सगळ्या इंजिनांना कुलूप आहे. बाहेरचा पार्ट लागला की इंजिन कायमचं बंद होतं."

"असलं कुलूप कुठल्या गाढवानं घालायला लावलं?"

दुसऱ्या हातानं वैजयंती रणदिव्यांचा नंबर शोधत होती.